जंत नसलेली मुलगी

रीडवाइलर, ३ एप्रिल १९४९

एमी,

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांत हे चौथं. पहिल्या तिन्हींत तिकडच्या दुधाला साय किती जाड येते आणि मालकिणीच्या घराला खिडक्या किती, ते होतं. या चौथ्यात एकदम हुकूम: लग्न ठरलंय, ऑगस्टच्या आत लोरेला पाठव. नवरा मिळाल्यावर तुला मुलगी आठवली, हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको.

दहा महिन्यांची होती तेव्हा तू तिला माझ्या स्वयंपाकघरात टोपलीत ठेवून कारखान्यात कामाला गेलीस. बापाचं नाव तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. मग सत्तेचाळीसमध्ये मोलकरणीची जागा मिळाली म्हणून थेट स्वित्झर्लंड. माझा कोनराड रशियात लढाईवर गेला तो परत आला नाही, मला मूल नाही, तेव्हा ताईला सोबत होईल, असं तू पाद्रीबुवांना सांगितलंस म्हणे. सोबत झाली. आता ती सोबत परत मागतेस.

तुझा ब्रुगर खोगिरं शिवतो, विधुर आहे, दोन मुलांचा बाप आहे, सज्जन आहे. असेल. या सज्जन माणसाने पेपरात वाचलं की आमच्या बाजूच्या गावांत घरोघर जंत झालेत, आणि आता त्याला सरकारी प्रयोगशाळेचा शिक्क्याचा कागद हवा आहे की पोरीच्या पोटात काही नाही. कागद नसेल तर पोरगी नको. नवरा चांगला शोधलास. खोगिराचं चामडंसुद्धा तो एवढं पारखून घेत नसेल.

जंतांची मोजदाद आमच्याकडे मार्चमध्येच झाली. डॉक्टर शुखमनने विष्ठेच्या नमुन्यासाठी घरटी बूटपॉलिशच्या रिकाम्या डब्या वाटल्या, प्रत्येक डबीला सुतळीने नावाची चिठ्ठी. सकाळी आठला अख्खं गाव आपापली डबी रुमालाखाली धरून शाळेसमोर रांगेत. नगरप्रमुख, पाद्रीबुवा, दाई, सगळे. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. निकाल लागला, शंभरात नव्वद जणांना जंत. डॉक्टरने मग शाळेत व्याख्यान दिलं की लाजायचं कारण नाही, जगात दर तीन-चार माणसांत एकाच्या पोटात हा गोल जंत आहे, कोणीतरी तसा हिशेबच मांडलाय. त्यावर म्हातारा फिलिप मागच्या बाकावरून म्हणाला, "म्हणजे डॉक्टर, आपलं गाव जगाच्या पुढे आहे." लोक इतके हसले की व्याख्यान तिथेच संपलं.

कारण तुला माहीतच आहे. शहराचं मैलापाणी कालव्याने येतं आणि आपण ते नळ्यांनी सलाडवर शिंपडतो. त्याशिवाय या वाळूत गवत उगवत नाही. बाबांनी तेच केलं, मीही तेच करते. तू याच सलाडवर वाढलीस. तेव्हा सरहद्दीपलीकडे पोटातून काय काय घेऊन गेलीस, याचाही कागद ब्रुगरने मागायला हवा होता.

गावाने मात्र ठरवून टाकलंय की जंत निर्वासितांनी आणले. माझ्या घरात सरकारने दोन वर्षांपूर्वी घुसवलेली ती बोहेमियाची कुशेलबाई आणि तिची रेझी तुला ठाऊक आहेत. गेल्या महिन्यात रेझीच्या शौचाच्या भांड्यात वीतभर लांब जंत निघाला. कुशेलबाई रडत माझ्याकडे आली, तर मी तिची चूल स्वयंपाकघरातून काढून बोळात मांडून दिली. खरं तर तिची पोर आमच्याच वाफ्यांतली पानं खाते, हे मी पाहिलंय. पण ते गावाला सांगून माझ्या पदरात काय पडणार होतं?

लोरेचं काय, असं विचारशील. लोरेही याच गावात राहते. कागद हवा तर नव्याने तपासणी करावी लागेल. मी डॉक्टरला सांगते.

ओटिलिया

रीडवाइलर, ११ मे १९४९

एमी,

कागद सोबत आहे. शिक्का नीट बघ, खोटा नाही. लोरेचं नाव आहे, खाली लिहिलंय: गोल जंताची अंडी, भरपूर. 'भरपूर' हा शब्द मी घातलेला नाही.

या वेळी डॉक्टरने आमच्या घरातल्या दोघी मुलींच्या डब्या मागवल्या होत्या. कुशेलबाईचा पाय भाजलाय, तिला चालवत नाही, म्हणून दोन्ही डब्या मीच सायकलवरून घेऊन गेले. गोठ्याशी सुतळ्या सैल झाल्या होत्या, त्या नीट बांधून घेतल्या. रेझीचा कागद स्वच्छ आला. कुशेलबाईने बोळात गुडघे टेकून देवाचे आभार मानले, भाजलेल्या पायाने.

डॉक्टरने लोरेसाठी तेलाची छोटी बाटली दिली आहे. ते दिलं की उतार पडेल म्हणतो, मग तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तेव्हा ब्रुगरला सांग, थोडं थांब. घाई असेल तर लग्न आधी उरकून घ्या, माझं काही म्हणणं नाही.

पोरगी बरी आहे. उंच झालीय. आवाज मात्र देवाने दिलेला आहे, हे मी मावशी म्हणून सांगत नाही. पाद्रीबुवांनी तिला मोठ्या मुलांच्या गायनात घेतलंय, सहा वर्षांच्या पोरीला. ओरिओल पक्ष्याची शीळ ती अशी घालते की पक्षी उत्तर देतो. हे गाणं तुझ्याकडून आलं असेल, बाकी सगळं इथलं आहे.

मागच्या पत्रात तू विचारलंस, तिला मी आठवते का. मी तिला विचारलं. तिने विचार केला आणि म्हणाली, आईचा कोट तपकिरी होता. कोट आठवला, एमी. त्यावर समाधान मान.

ओटिलिया

रीडवाइलर, १२ जून १९४९

एमी,

दुसरा कागदही तसाच आला. पाठवते आहे. तू त्यावर जे काही लिहिशील ते मला आत्ताच पाठ आहे: ताई तिला घाणीत वाढवते, ताईला औषध देता येत नाही, ताईला मुद्दाम. माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर सांडलेलं दूध उचलून पिता येईल, हे तुला माहीत आहे. पण लिही, लिहिल्याने तुला बरं वाटतं.

डॉक्टर चिडलाय. असा हट्टी जंत त्याने पाहिला नाही म्हणे. एक बाटली दिली, मग मी मागितली म्हणून आणखी एक दिली, तरी अंडी तेवढीच. त्याने माझ्याकडे चष्म्यावरून बघत विचारलं की औषध पोटात गेलं की फक्त घरात गेलं. मी म्हटलं, पोटात. आता तो डोस वाढवणार आहे, आणि तो देण्यासाठी सिस्टर बेर्टा स्वतः येणार आहे. म्हणजे माझ्यावर भरवसा नाही. चांगलं आहे. या घरात कुणाचाच कुणावर नाही.

तू येईन म्हणतेस ते राहू दे. लग्नाआधी सरहद्द ओलांडलीस तर परत आत घेणार नाहीत, हे तूच लिहिलं होतंस. शिवाय सध्या स्ट्रॉबेरीचा भर आहे, तुझी सरबराई करायला मला वेळ नाही.

टेलिफोनचं म्हणतेस तर ठीक. पंधरा जुलै, शुक्रवार, दुपारी चार वाजता मी लोरेला पोस्टात घेऊन येईन. तू बोल तिच्याशी. बघ तुला ओळखते का.

ओटिलिया

रीडवाइलर, ३० जून १९४९

एमी,

बेर्टा येऊन गेली. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन सकाळी. उपाशी पोटी साखरेवर थेंब, दोन तासांनी एरंडेल. तेलाचा वास असा की मांजर घर सोडून गेलं. लोरेने दात घट्ट मिटून घेतले, तेव्हा नाक बेर्टाने दाबलं आणि हात मी धरले. तिसऱ्या दिवशी पायही धरावे लागले. एवढ्याशा पोरीत एवढा जोर कुठून येतो कळत नाही.

एक गंमत सांगते. सोमवारी दुपारी ती अंगणात उभी राहून मनोऱ्याकडे बघत होती. मला म्हणाली, "मावशी, घंटा परत आल्या." घंटा बेचाळीसमध्ये तोफांसाठी काढून नेल्या, तेव्हा तू इथेच होतीस, मनोरा तेव्हापासून रिकामाच आहे. मी म्हटलं, शेजारच्या गावच्या असतील. ती म्हणाली, नाही, माझ्या डोक्याजवळ वाजतायत.

मंगळवारी बेर्टाने विचारलं, काल काही त्रास झाला का. मी म्हटलं, पोट जरा दुखलं.

आता थकलीय, झोपून असते. उठली की भिंतीला धरून चालते. उन्हामुळे असेल, इकडे फार तापलंय.

ओटिलिया

रीडवाइलर, १७ जुलै १९४९

एमी,

तू टेलिफोनवर रडलीस ते मला बाहेर बाकावर बसूनही ऐकू येत होतं, इतका तुझा आवाज मोठा होता. पोस्टमास्तरने दार लावून घेतलं.

तू आज पत्रात काय लिहीत असशील ते मला कळतं. मी पोरीला पढवलं, मी तिचे कान भरले, नाहीतर सख्खी मुलगी आईशी एक शब्दही का बोलणार नाही? तर ऐक, मी काही पढवलं नाही. मी तिला उंच स्टुलावर बसवलं, चोंगा कानाला लावून दिला आणि बाहेर गेले. तिने काच फुटेल म्हणून धरतात तसा तो दोन्ही हातांनी धरला होता. थोड्या वेळाने तिने तो समोर धरून त्याची भोकं पाहिली, आणि काचेतून मला म्हणाली, "मावशी, यात कोणी नाही."

तूही ते ऐकलं असशील. मुलं खरं बोलतात.

हल्ली तशीही ती कुणाचं ऐकत नाही. हाक मारली तर वळत नाही, दोनदा मारली तरी नाही. हा हट्ट तुझाच. गायनाला जायचं तिने बंद केलंय. ओरिओल अगदी जवळच्या चेरीवर बसून शीळ घालतो, ती मान वर करत नाही. वाढत्या वयात मुलं अशी होतात.

ब्रुगरला म्हणावं, अजून तपासणी व्हायची आहे. वाट बघ किंवा बघू नको.

ओटिलिया

रीडवाइलर, ९ ऑगस्ट १९४९

एमी,

हे पत्र उभं राहून वाचू नकोस.

शनिवारी घंटा परत आली. मधली, मोठी नव्हे. हाम्बुर्गच्या बंदरात न वितळता पडून राहिली होती, कुणीतरी तिच्यावरचं गावाचं नाव वाचलं. बैलगाडीवर, फांद्या-फुलांनी सजवून आणली. रविवारी पहिल्यांदा वाजवायची म्हणून मुलांना मनोऱ्याच्या आत, दोराच्या अगदी खाली उभं केलं होतं. पहिला ठोका पडला आणि सगळ्या मुलांनी कानांवर हात घेतले. काही रडली. रेझी किंचाळून आईच्या झग्यात शिरली. लोरे मधोमध उभी होती, हात खाली, आणि हलणाऱ्या दोराकडे बघत होती. मग सगळ्यांनी हात का वर केले हे न कळून तिनेही उशिरा कानांवर हात घेतले, आपण इतरांसारखं दिसावं म्हणून.

डॉक्टर शुखमन माझ्या शेजारी होता. त्याने पाहिलं. तो तसाच टोपी न घालता तिच्यामागे गेला आणि तिच्या कानाशी टाळी वाजवली.

आता सगळं सांगते. तुझ्यासाठी नाही, मला ते आत ठेवता येत नाही म्हणून.

मार्चमध्ये गावात नव्वद टक्के लोकांना जंत निघाले, उरलेल्यांत लोरे होती. आमच्या गल्लीतली एकटी. डॉक्टरला नवल वाटलं होतं, मला नाही. मी तिला आजवर एक पान कच्चं दिलेलं नाही. सलाड आपण शहराला विकतो, मला ठाऊक आहे त्यावर काय शिंपडलंय. लोरेला बटाटा, गाजर, सफरचंद, सगळं उकळून. पाणी उकळून. सहा वर्षं मी तिची प्रत्येक बशी स्वतः भरली. मी बोट लावून तपासल्याशिवाय तिने घास घेतला नाही. माझ्या आयुष्यात मी धड असं एकच काम केलं आणि त्याचा कागद तू मागितलास, तिला माझ्याकडून घेऊन जायला.

ती स्वच्छ निघाली तर ती जाणार होती. म्हणून मेमध्ये गोठ्याशी मी सुतळ्या सोडल्या आणि रेझीची चिठ्ठी लोरेच्या डबीला बांधली, लोरेची रेझीच्या. जूनमध्ये दोघींच्या डब्या पुन्हा मागवल्या तेव्हाही तेच केलं. एवढंच करायचं होतं, एमी. दोन वाईट कागद, ब्रुगर कंटाळेल, लग्न होईल, तू तिकडे दुसरं मूल जन्माला घालशील. पोरीला काही होणार नव्हतं. पहिल्या दोन्ही बाटल्या मी उकिरड्यावर ओतल्या. तिच्या जिभेला थेंब लागू दिला नाही.

पण मी ओतल्या म्हणूनच डॉक्टरला वाटलं, औषध कमी पडतंय. म्हणून डोस वाढला, म्हणून बेर्टा आली. बेर्टाच्या हातात चमचा होता आणि मी मध्ये उभी होते, तेव्हा 'हिला काही नाही' हे तीन शब्द बोलायचे होते. मी नाही बोलले. मी तिचे हात धरले.

आणि पुढचं ऐक, हे त्याहून वाईट आहे. बाटलीबरोबर डॉक्टरने मला समोर बसवून सांगितलं होतं: या तेलाने कानात आवाज आला किंवा चालताना तोल गेला तर दुसरा डोस द्यायचा नाही, लगेच मला बोलवायचं. मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. सोमवारी दुपारी तिने घंटांचं सांगितलं तेव्हा मला ते शब्द जसेच्या तसे आठवले. बोलवलं असतं तर त्याने पुन्हा तपासलं असतं, स्वतःच्या हाताने, आणि डबीची गोष्ट बाहेर आली असती. म्हणून मंगळवारी मी पोट दुखलं म्हणाले. आणि मंगळवारी आणि बुधवारी पुन्हा तिचे हात धरले.

टेलिफोनवर ती मुद्दाम तुझ्याशी बोलली नाही असं नाही. तिच्यासाठी त्यात खरंच कोणी नव्हतं. मला ते बाकावर बसल्याबसल्या कळलं होतं. तरी मी तुला ते पत्र लिहिलं. लिहिताना मला आनंद झाला होता, हेही लिहून ठेवते.

काल डॉक्टरने दोघी मुलींना दवाखान्यात नेऊन त्याच्या डोळ्यांसमोर तपासलं. रेझीच्या पोटात अंडीच अंडी. लोरेच्या पोटात काही नाही. त्याने मार्चची वही काढली, लोरेच्या नावापुढचं शून्य बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडेल. तो खुर्चीत बसला आणि अगदी हळू म्हणाला, "ओटिलियाबाई, या गावात ज्या पोरांच्या पोटात जंत आहेत, ती सगळी ऐकू शकतात."

कान परत येणार नाहीत. मी विचारलं. पोलिसांत तो जाणार नाही, बाटल्यांवर सही त्याची आहे. कुशेलबाईला सगळं कळलंय. तिने रेझीला माझ्या दाराकडून खेचून घेतलं. बोळातल्या चुलीपाशी.

लोरेला कसं सांगू ते मला कळत नाही. तिला अजून वाटतं की सगळे लोक मुद्दाम हळू बोलतायत.

ओटिलिया

रीडवाइलर, ३० ऑक्टोबर १९४९

एमी,

तुझं पत्र दोन महिन्यांनी आलं आणि चार ओळींचं होतं. त्या चार ओळी मला पाठ आहेत. ब्रुगर तयार आहे. झुरिचजवळ बहिऱ्या मुलांची शाळा आहे, तिथे ओठ बघून बोलणं शिकवतात, जानेवारीत जागा आहे. जंतांचा नवा कागद लागेल, शाळेलाही आणि ब्रुगरलाही. कागदाशिवाय दुसरं काही लिहू नकोस.

माझी काही तक्रार नाही. त्याच दिवशी मी माळ्यावरून कोनराडची पत्र्याची पेटी काढली. लोरेचे हिवाळी मोजे विणले, चार जोड. ब्रुगरविषयी मी जे लिहिलं ते मागे घेते. तिला इथून जायला हवं. इथे मुलं मागून तिच्यावर खडे मारतात आणि ती वळते का बघतात. तिचे शब्द बोथट होत चाललेत, 'मावशी'मधला शेवट गळून गेलाय. त्या शाळेत तिला वेळेवर नेलं नाही तर ती मुकीही होईल, असं डॉक्टर म्हणतो.

या वेळी मी डबीला हात लावला नाही. सिस्टर बेर्टा आली, डबी तिने दिली, सुतळी तिने बांधली, चिठ्ठीवर नाव तिने लिहिलं, कुशेलबाई शेजारी साक्षीला उभी. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, लाकडं फोडत. शाळेपर्यंतही बेर्टाच घेऊन गेली.

कागद सोबत आहे. गोल जंताची अंडी, भरपूर.

तू आत्ता हसली असशील, किंवा कागद चुरगाळला असशील. ताईने पुन्हा डबी बदलली. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. बेर्टाचं पत्र सोबत जोडलंय, डॉक्टरचंही जोडलंय. पण ब्रुगर आधीच्या दोन कागदांकडे बोट दाखवून विचारेल, त्या बाईच्या गावचे किती शिक्के मानायचे. मला त्याचं चूक वाटत नाही.

झालंय असं. जूनमधल्या त्या तीन सकाळींनंतर लोरे माझ्या हातचं खात नाही. बशी समोर ठेवली की ओठ मिटून घेते, तेव्हा मिटले होते तसेच, आणि दोन्ही हात पाठीमागे लपवते. मी बशी ठेवून खोलीबाहेर गेले तरी नाही. मी चमच्याने आधी स्वतः खाऊन दाखवलं. एकदा मी गुडघ्यावर बसून रडले, तर तिने माझं रडणारं तोंड बघितलं आणि बाहेर निघून गेली. कुशेलबाई बोळात तिला सूप देते, तेवढं ती घेते. बाकी दिवसभर रेझीबरोबर वाफ्यांत. रेझी खाते ते ती खाते. सलाडची पानं, कोवळे नवलकोल, मुळे, उपटले की चड्डीला पुसून तोंडात. मी पाहत होते जुलैपासून. ओरडून काय करू, तिला ऐकू येत नाही. धरायला गेले की पळते.

औषध द्यायचं नाही, या पोरीला आता कुठल्याही तेलाचा थेंब नाही, असं डॉक्टर म्हणाला. दुसरा उपाय एकच: वर्ष-दीड वर्ष फक्त शिजवलेलं खाऊ घाल, नवी अंडी पोटात जाऊ देऊ नको, आहेत ते जंत म्हातारे होऊन आपोआप निघून जातील. सहा वर्षं मी जे केलं तेच दीड वर्ष करायचं आहे. मी सोडून कुणीतरी.

कुशेलबाईला शहरात दोन खोल्या मिळाल्यात, पंधरा नोव्हेंबरला ती जाते आहे. मी तिला म्हटलं, राहा, स्वयंपाकघर घे, मोठी खोली घे, मी बोळात राहते. ती म्हणाली, "तुमच्या घरात माझ्या मुलीची विष्ठासुद्धा सुरक्षित नव्हती." सोळा तारखेपासून लोरेला खायला कोण घालणार, मला माहीत नाही.

म्हणून तू सांगितलंस तरी लिहितेय. तू ये. आता तुझं लग्न झालंय, तुझ्याकडे तिकडचा पासपोर्ट आहे, तुला कुणी अडवणार नाही. मला मारायचं असेल तर मार, पण तिचं जेवण तू रांध. ती तुला ओळखणार नाही. पण तुझे हात तिला आठवत नाहीत, त्या हातांनी तिला कधी धरून ठेवलेलं नाही. तपकिरी कोट असेल तर घालून ये.

हे लिहिताना ती मला खिडकीतून दिसते आहे, शेवटच्या वाफ्याच्या बांधावर, हातात मुळा, मातीसकट. मी दार उघडून हाक मारली, मग आठवलं. मग मी चालत गेले, हात पुढे करून, अगदी सावकाश. तिने मला पाहिलं आणि उरलेला मुळा पानांसकट एकदम तोंडात कोंबला, मी तो काढून घेईन म्हणून.

ओटिलिया